रेकॉर्ड रूम आणि आर्काइव्हमध्ये हरवणारे कागद: या चुका टाळा

रेकॉर्ड मॅनेजर (ऑफिसच्या फाईली सांभाळणारा) आणि आर्काइव्हवाला (जुने कागद कायमचे जपणारा, म्हणजे आमच्यासारखा) एकमेकांना फोन कधी करतात? रेकॉर्ड रूममध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही की. तोवर काय ठेवायचं, काय फाडायचं याचे अर्धे निर्णय होऊन गेलेले असतात आणि मग दोघं एकमेकांवर खापर फोडत बसतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कुठली फाईल किती वर्षं ठेवायची हा तक्ता आर्काइव्हवाल्याला न विचारता बनवणं. कायदा आणि ऑडिटवाले बसतात, तक्ता पास होतो. आता नामंजूर झालेले बांधकाम परवानगीचे अर्ज घ्या, अपिलाची मुदत संपली की ऑफिसच्या दृष्टीने ते मेलेच, पण त्यांना जोडलेल्या नकाशांवरून शहर कुठे वाढू पाहत होतं ते कळतं. अमेरिकन आर्काइव्हिस्ट शेलेनबर्गने १९५६ मध्ये हाच फरक मांडला होता, कागद ज्या कामासाठी जन्मला त्यासाठीचं मोल वेगळं आणि नंतर येणाऱ्यांसाठीचं मोल वेगळं. पण म्हणून आर्काइव्हवाल्यांनीही 'सगळंच ठेवा' म्हणू नये (आमच्यात हा आजार आहे, मान्य). अमेरिकेचं राष्ट्रीय अभिलेखागारसुद्धा तिथल्या केंद्र सरकारच्या कागदांपैकी साधारण १ ते ३ टक्केच कायमचे ठेवतं.

दुसरी चूक, यादीशिवाय खोके पाठवणं. माझ्याकडे एकदा एक खोका आला, वर मार्करने फक्त 'किरकोळ'. आत गंजलेल्या टाचण्या, तीन वेगवेगळ्या विभागांच्या टिपण्या आणि मधे कोऱ्या कागदांची चळत, नीट बघितल्यावर कळलं की ते फॅक्स होते, थर्मल कागदावरची अक्षरं पार उडून गेलेली. वेळेत साध्या कागदावर झेरॉक्स काढली असती तर वाचले असते. खोक्याबरोबर यादी हवीच: विभाग, फाईल नंबर, पहिली आणि शेवटची तारीख, खोका नंबर, दोघांच्या सह्या. एक प्रत तुमच्याकडे, एक आमच्याकडे.

आणि प्लीज, पाठवायच्या आधी 'जरा नीट लावून देतो' म्हणून सगळं विषयवार किंवा अक्षरवार लावू नका. एका ऑफिसचे कागद एकत्र ठेवायचे हा नियम फ्रान्समध्ये १८४१ पासूनचा आहे, आणि ते ज्या क्रमाने ठेवले होते तो क्रमही मोडायचा नाही. कुठलं पत्र कुठल्या पत्राचं उत्तर होतं ते त्या क्रमावरूनच समजतं.

स्कॅन झालं, आता मूळ फाडा, हे तर रोजचं. आधी पानं मोजा, मागच्या बाजूला पेनाने लिहिलेले शेरे आलेत का ते बघा, बराच काळ ठेवायचं असेल तर पीडीएफ-ए (दीर्घकाळ जपण्यासाठी ठरवलेला पीडीएफचा प्रकार) घ्या, आणि फाडण्याआधी आर्काइव्हची लेखी संमती. कोर्टकेस किंवा चौकशी चालू असलेल्या फाईलची मुदत संपली तरी तिला हात लावायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

सॉफ्टवेअरचं प्रकरण मात्र खरंच डोकं खातं. जुनी कर आकारणीची सिस्टीम बंद होते, कंत्राटदार डेटा काढून देतो, सगळे खूश. काही वर्षांनी उघडून बघावं तर 'वॉर्ड ७, प्रकार ३' असं लिहिलेलं, आणि प्रकार ३ म्हणजे दुकान, घर की गोदाम हे सांगणारा कोडचा तक्ता कुणी घेतलेलाच नाही, ज्याला तो पाठ होता तो माणूस रिटायर. उपाय टेंडरच्या वेळीच करायचा: डेटा, कोडचे तक्ते आणि कुणी कधी काय बदललं त्याची नोंद, हे सगळं उघड्या फॉरमॅटमध्ये (एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरवर अडून न राहणाऱ्या) मिळालं पाहिजे ही अट टाका. त्या मीटिंगला आर्काइव्हवाला बसलेला असू द्या, त्याला सॉफ्टवेअरमधलं कळत नसलं तरी 'हे तीस वर्षांनी कसं वाचणार' एवढा प्रश्न तो विचारेलच.

एक अजून राहिलं. फाईल आर्काइव्हमध्ये गेल्यावर नागरिकाने माहिती मागितली तर उत्तर कोण देणार? हे हस्तांतराच्या कागदावरच लिहून घ्या, नाहीतर अर्जदार दोन ऑफिसांच्या मधे फिरत राहतो आणि दोघंही म्हणतात, 'ती फाईल आमच्याकडे नाही.'