लग्नाला लहान मुलाला नेताना

दोन ते पाच वर्षांच्या मुलाला घेऊन लग्नाला जायचे ठरले की आपली तयारी बहुधा कपडे, आहेर आणि गाडी यांच्यापाशीच संपते. मुलाच्या मनाची तयारी राहून जाते आणि ऐन मंगलाष्टकांच्या वेळी त्याने भोकाड पसरले की आपण त्यालाच हट्टी ठरवतो. वास्तविक त्या वयाच्या मुलासाठी मंगल कार्यालय म्हणजे शेकडो अनोळखी चेहरे, ध्वनिवर्धकाचा गोंगाट, टोचणारी जर आणि टळून गेलेली झोप असते. यांतल्या बऱ्याच गोष्टींची तजवीज आधी करता येते.

सुरुवात दोन-तीन दिवस आधी करावी. लग्न कोणाचे, तिथे काय काय होईल, हे मुलाला गोष्टीसारखे सांगावे: नवरा-नवरीच्या मध्ये अंतरपाट धरतात, 'सावधान' म्हटले की आपण अक्षता टाकायच्या, मग अंतरपाट बाजूला होतो आणि एकदम मोठ्याने वाजंत्री वाजते. हे शेवटचे सांगायला विसरू नये, कारण आवाज होणार हे माहीत असलेले मूल कानांवर हात ठेवून वाट पाहते आणि माहीत नसलेले दचकून रडते. माझी मुलगी अडीच वर्षांची असताना ताशाच्या पहिल्याच कडकडाटाला अशी घाबरली की तासभर माझ्या खांद्यावरून उतरली नाही. पुढच्या लग्नाआधी आम्ही घरी ओढणीचा अंतरपाट धरून दोन बाहुल्यांचे लग्न लावले. कार्यालयात तिने मूठ इतकी घट्ट आवळून धरली की अक्षतांचे कुंकू तिच्या तळव्याला लागून राहिले. पहिल्याच 'सावधान'ला तिने होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या अक्षता उधळल्या. म्हणून पुढच्या कडव्यांसाठी थोड्या आपल्याजवळ राखून ठेवाव्यात.

झोपेच्या बाबतीत तडजोड करू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात, दुपारची झोप धरून, 10 ते 13 तास झोप लागते. दुपारचा मुहूर्त नेमका या झोपेवर येतो, तर गोरज मुहूर्ताच्या लग्नात जेवायला रात्र होते. अशा वेळी सीमंतपूजनापासून पाठवणीपर्यंत हजर राहण्याचा अट्टहास सोडून, मुहूर्त गाठावा किंवा नुसते जेवायला जावे. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवले तर कोणी सहसा रुसत नाही. कार्यालयात पोहोचल्यावर आधी स्वच्छतागृह, एखादी शांत खोली आणि बाहेर पडायचे दार पाहून ठेवावे. निघण्यापूर्वी घरीच वरणभात भरवावा, कारण पंगत कधी बसेल याचा नेम नसतो. आख्खे शेंगदाणे, फुटाणे, सुपारी, कडक गोळ्या, न चिरलेली द्राक्षे यांनी या वयात घास घशात अडकून जीव गुदमरू शकतो. या गोष्टी मुलाच्या हाताला लागू देऊ नयेत.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. "मामाला पापी दे", "आत्याच्या मांडीवर बस" हे प्रेमापोटीच म्हटले जाते, पण नको असताना मुलाला कोणाच्या अंगावर ढकलू नये. आपले अंग आपले आहे आणि "नाही" म्हणता येते, हे मूल याच वयात शिकत असते. घरातल्याच माणसांसमोर आपण ते मोडून काढले, तर पुढे खरोखरच्या प्रसंगी ते "नाही" कसे म्हणेल? नमस्कार, हात हलवणे किंवा नुसते हसणे यांतले एक मुलाने निवडावे. ज्येष्ठांना दुखवण्याची गरज नसते. "काकू, तिला थोडा वेळ लागतो, जरा वेळाने आपणहून येईल" एवढे पुरते, आणि बहुधा ती येतेच. मुलासमोर "हा फारच लाजाळू आहे" असे म्हणू नये. ऐकून ऐकून ते स्वतःला तसेच समजू लागते. गाणे म्हणून दाखवण्याचा आग्रहही करू नये.

लक्ष कोणी ठेवायचे हे आई-वडिलांनी घरातून निघतानाच ठरवावे. बहुतेक लग्नांत रडणारे मूल घेऊन बाहेर उभी असते ती आईच, आणि वडील पहिल्या पंगतीत जेवून मोकळे झालेले असतात. तासातासाच्या पाळ्या लावाव्यात. मुलाच्या खिशात मोबाईल क्रमांकाची चिठ्ठी ठेवावी. मूल बिथरलेच, तर चारचौघांत समजावत बसण्याऐवजी उचलून बाहेर न्यावे, पाणी पाजावे आणि थोडा वेळ काहीही बोलू नये.

चार वर्षे झाली की मुलाला काम द्यावे. दारात पेढे देणे किंवा पंगतीत मोठ्यांच्या सोबतीने लिंबाच्या फोडी वाढणे त्याला सहज जमते. प्रत्येक पानाशी थांबून, डाव्या बाजूलाच फोड ठेवताना मुले जेवढी मन लावून काम करतात तेवढी एरवी क्वचित दिसतात, आणि ज्या काकूंच्या मांडीवर बसायला नको होते त्यांच्याशी पानाशी वाकून बोलतातही.

निघण्याची सूचना दहा मिनिटे आधी द्यावी. रात्री झोपताना काय आवडले आणि काय नको वाटले, दोन्ही विचारावे. मुलीला स्टेजवर रडू आले ते गर्दीमुळे, असे मी समजत होते. तिने सांगितले की फोटोवाल्या काकांचा दिवा डोळ्यांत जात होता. पुढच्या लग्नात आम्ही स्टेजवर गेलो नाही, नवरा-नवरी खाली जेवायला आल्यावर तिनेच जाऊन त्यांना नमस्कार केला.