गालिच्यावरचे स्पीकर: स्पाइक किंवा आयसोलेशन पाय लावताना या चुका टाळा

टॉवर स्पीकर गालिच्यावर उभा असेल तर हे वाचणं थांबवून एक गोष्ट करून या. कॅबिनेटच्या वरच्या कडेला एका बोटाने हलकंच ढकला आणि बोट काढून घ्या. जागच्या जागी राहिला तर ठीक. दोन-तीनदा डुलून मग थांबला, तर तुमचा स्पीकर गादीवर उभा आहे असं समजा.

गालिचा आणि त्याखाली अंथरलेला मऊ थर, म्हणजे अंडरले, दोन्ही दबतात. वूफरचा (बेस वाजवणाऱ्या मोठ्या भागाचा) पडदा पुढे झेपावतो तेव्हा कॅबिनेटला मागे धक्का बसतो. खालचा आधार मऊ असेल तर तो धक्का उंच खोक्याच्या टोकाला जास्त जाणवतो, आणि ट्विटर, म्हणजे उंच सूर वाजवणारा छोटा भाग, बहुधा तिथेच बसवलेला असतो. ट्विटरची स्वतःची हालचाल मिलिमीटरच्या लहानशा अंशात असते, त्यामुळे त्याच्या खालची जमीनच हलणं त्याला परवडत नाही.

म्हणून गालिच्यावर पहिला प्रश्न स्थैर्याचा. आवाजाच्या गप्पा त्यानंतर. लोक मात्र थेट “स्पाइक चांगले की रबरी पाय?” इथून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. स्पाइक म्हणजे स्पीकरच्या तळाला लावायचे टोकदार धातूचे पाय; आयसोलेशन पाय म्हणजे कंपनं अडवण्यासाठीचे रबरी किंवा स्प्रिंगचे पाय.

गालिच्याखाली काय आहे तेच न बघणं

बूट काढा आणि स्पीकरजवळ टाच आपटून बघा. टाचेला झिणझिण्या आल्या आणि आवाज मेलेला आला, तर खाली काँक्रीटचा स्लॅब आहे. ‘धप्प’ असा पोकळ आवाज आला, शेजारच्या कपाटातली भांडी किणकिणली, तर खाली तुळयांवर टाकलेली लाकडी जमीन आहे. उत्तर इथेच निम्मं ठरतं.

स्लॅब असेल तर माझं मत सरळ आहे: स्पाइक लावा. गालिचा आणि अंडरले भेदून टोक कठीण जमिनीला टेकलं की डुलणं थांबतं, काम झालं. लाकडी जमिनीची गोष्ट वेगळी. ती स्वतःच मोठ्या ढोलाच्या कातड्यासारखी असते. स्पाइकने स्पीकर तिला घट्ट जोडला की कॅबिनेटचा थरथराट थेट तिच्यात उतरतो आणि बेसचे काही सूर सोफ्यातून पाठीला जाणवायला लागतात. तिथे आयसोलेशन पायांवर पैसे घालण्यात अर्थ आहे. पण अपेक्षा बेताची ठेवा. वूफरने हलवलेली हवाही जमीन हलवते, आणि हवेतून जाणारा तो रस्ता कुठलेही पाय अडवू शकत नाहीत.

स्पाइक म्हणजे कंपनांचा एकेरी रस्ता, कॅबिनेटमधली कंपनं खाली जातात आणि जमिनीतली वर येत नाहीत, असंही सांगितलं जातं. सोडून द्या. घट्ट जोड दोन्ही बाजूंनी कंपनं नेतो.

लांबी अंदाजाने ठरवणं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. स्पाइक लावलेत, दिसायला झकास दिसतात, पण टोक अंडरलेमध्येच अडकलेलं असतं. वजन टोकावर आहे असं वाटतं आणि खरं तर कॅबिनेटचा तळ गालिच्यावर बसलेला असतो.

एक दाभण घ्या. गालिच्यात सरळ उभं खुपसा, खाली कठीण लागेपर्यंत. गालिच्याच्या वरच्या पातळीवर नखाने पकडा, बाहेर काढा आणि पट्टीवर मोजा. समजा 19 मिमी भरलं. तर लॉकनट (स्पाइक जागेवर घट्ट धरणारा नट) आवळल्यावर बाहेर उरणारी स्पाइकची लांबी किमान 24-25 मिमी हवी. पाकिटावरची लांबी बघून चालत नाही, कारण त्यातला आट्यांचा भाग वर कॅबिनेटमध्ये जातो. स्पीकर उभा केल्यावर तळाखालून पोस्टकार्ड सरकवून बघा. ते न अडकता पार गेलं तर वजन खरोखर टोकांवर आहे. वूफरचं पोर्ट (हवा बाहेर सोडणारं भोक) तळाला असेल तर ही फट आणखी महत्त्वाची, कारण तिच्यातूनच बेस बाहेर पडतो. अशा वेळी कंपनीने सांगितलेलं अंतर गालिच्याच्या वरच्या पातळीपासून मोजा.

दाभणाचा आणखी एक उपयोग मी चूक करून शिकलो. स्पीकरची वायर गालिच्याखालून नेली होती, कारण ती डोळ्यांना खुपत होती. काही दिवसांनी उजवा टॉवर बोटभर सरकवला, जोर देऊन स्पाइक खाली बसवले, आणि गाणं लावताच अ‍ॅम्प्लिफायर ‘टक’ करून प्रोटेक्शनमध्ये गेला, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडला. गालिचा उचलला तर स्पाइकचं टोक वायरच्या दोन्ही तारांमधून आरपार. अ‍ॅम्प्लिफायर वाचला हे नशीब. तेव्हापासून खुपसण्याआधी खालून काय गेलंय ते हाताने चाचपून बघतो. जमिनीखाली हीटिंगची केबल किंवा नळ्या असतील तर आधी त्यांचा नकाशा बघा.

गालिच्यावर चकती, चकतीवर स्पाइक

गालिच्याला भोक पडेल या भीतीने स्पाइकखाली धातूची चकती किंवा नाणं ठेवतात. चकती फरशीसाठी असते. गालिच्यावर ठेवली की स्पाइकचा मुद्दाच संपतो, कारण स्पीकर पुन्हा गादीवर येतो. वर आता चार टोकं चार छोट्या बशांवर तोल सांभाळत असतात.

भीती मात्र खोटी नाही. हिशेब करा: 24 किलोचा स्पीकर, चार स्पाइक, प्रत्येकावर 6 किलो. टोक 1 मिमी रुंद धरलं तर दाब दर चौरस सेंटीमीटरला साडेसातशे किलोंच्या वर जातो. विणलेल्या गालिच्यात हे टोक बहुतेक वेळा धागे बाजूला सारून वाट काढतं. आधी दाभणाने वाट केली तर आणखी सोपं, आणि स्पाइक काढल्यावर भोक शोधूनही सापडत नाही. फासांच्या (धाग्यांचे फास न कापता ठेवलेल्या) विणीत मात्र सांभाळा. टोक फासात अडकलं आणि तुम्ही स्पीकर ओढलात, तर लांबच लांब धागा उसवत येतो. आणि गालिच्याखाली लाकडी फळ्या असतील तर त्यांत खड्डे पडणारच. ते मंजूर नसेल तर स्पाइकचा नाद सोडा आणि स्पीकरपेक्षा चारही बाजूंनी हातभर नव्हे, पण चांगली चार-पाच बोटं मोठी अशी जड दगडी लादी गालिच्यावर टाका. तळ रुंद झाला की डुलणं बरंच कमी होतं. अगदी शून्य होत नाही.

वजन न बघता आयसोलेशन पाय घेणं

रबर असो वा स्प्रिंग, तत्त्व एकच: पाय वजनाने किती दबतो यावर तो काय अडवणार ते ठरतं. स्प्रिंग 1 मिमी दबली तर तिची स्वतःची फ्रिक्वेन्सी (सेकंदाला किती वेळा डुलते तो आकडा) साधारण 16 हर्ट्झ येते, 4 मिमी दबली तर 8. या आकड्याच्या सुमारे 1.4 पटीच्या वर गेल्यावरच अडवणूक सुरू होते. त्याच्या अगदी जवळपास उलटाच परिणाम होतो, हालचाल वाढते. रबराचा आकडा त्याच दबण्याला थोडा वर जातो.

आता 40 किलोसाठी बनवलेले पाय 12 किलोच्या स्पीकरला लावले तर ते जेमतेम दबतात, म्हणजे अडवत फारसं काहीच नाहीत, ते नुसते महागडे ठोकळे ठरतात. उलट हलके पाय जड स्पीकरखाली घातले की पार चेपून बसतात, आणि चेपलेलं रबर लाकडासारखंच वागतं. म्हणून बनवणारे वजनाची मर्यादा देतात. आयसोअकूस्टिक्स या कंपनीच्या गाया नावाच्या पायांच्या मालिकेत ती 32, 54 आणि 100 किलो अशी चढत जाते. तुमचा स्पीकर यांतल्या कुठल्या टप्प्यात बसतो ते माहितीपुस्तिकेतल्या वजनावरून ठरवा, हाताने उचलून नव्हे.

दुसरी चूक म्हणजे हे पाय थेट जाड गालिच्यावर ठेवणं. मऊवर मऊ. मोजूनमापून बनवलेल्या स्प्रिंगखाली कुणीही न मोजलेली दुसरी स्प्रिंग आली. पायांखाली आधी कठीण बैठक हवी: खाली स्पाइक असलेली चकती (काही पायांसोबत ती मिळते), किंवा वर सांगितलेली लादी. घरात रांगणारं मूल असेल तर उंच टॉवरला स्प्रिंगचे पाय लावूच नका असं माझं स्पष्ट मत आहे.

आटे, नट आणि चौथा पाय

बहुतेक स्पीकरना एम6 किंवा एम8 (6 किंवा 8 मिमी जाडीचे) आटे असतात. बसत नसेल तर पान्याने जबरदस्ती करू नका, आतली पितळी बुशी फिरली की दुरुस्ती किचकट होते. तीन पायांनी पाणसळ बघून तोल साधा आणि चौथा टेकेपर्यंत फिरवा. मग लॉकनट आवळा. सैल नट स्वतःच खडखडतो, आणि लोक तो खडखडाट वूफरचा समजून वूफर उघडतात!

आवाज बदलला, पण कशाने?

पाय बदलल्यावर फरक ऐकू येतो, हे खरं. पण पाय बदलताना स्पीकर 2-3 सेंटीमीटर वर गेला, थोडा सरकला, पुढचा पाय जरा जास्त फिरला, हे कोण मोजतं? नुसता 1 अंशाचा कल 3 मीटरवर ट्विटरचा नेम 5 सेंटीमीटरने हलवतो. तुलना करायची तर जमिनीवर चिकटपट्टीने कोपरे आखा, ट्विटरची उंची मोजा, दोन्ही वेळा तीच ठेवा आणि आवाजही तेवढाच.

आणि एकच सूर घुमत असेल तर पायांना दोष देण्याआधी खोली मोजा. समोरासमोरच्या भिंती 4 मीटरवर असतील तर 43 हर्ट्झच्या आसपास बेस घुमणारच. गालिचा तो शोषत नाही, स्पाइकही थांबवत नाहीत. स्पीकर किंवा खुर्ची वीतभर पुढे-मागे करा, फरक तिथेच पडेल.

सरकवताना स्पाइकवरून ओढू नका, दोघांनी मिळून उचला. दोन-तीन आठवड्यांत अंडरले बसतं, तेव्हा बोटाची चाचणी पुन्हा करा आणि नट पुन्हा आवळा. जुन्या जागी गालिच्यात पडलेल्या खळग्यांवर बर्फाचा एकेक खडा ठेवून वितळू द्या. वाळल्यावर बोटांनी तंतू उकलले की ते बरेचसे वर येतात.