तात्पुरते एक्झाइल करणारा पत्ता कसा वापरावा

'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळात प्रतिस्पर्ध्याचा पत्ता नष्ट न करता नुसता खेळाबाहेर, म्हणजे एक्झाइलमध्ये, बाजूला काढून ठेवणारे काही पत्ते आहेत. 2014 साली आलेला 'बॅनिशिंग लाइट' हा त्यांचा चांगला नमुना आहे. एका पांढऱ्या मानासह एकूण 3 माना (पत्ते खेळण्यासाठी लागणारी ऊर्जा) खर्चून हे एन्चांटमेंट (मैदानात टिकून राहणारा मंत्र) मैदानात आणले, की प्रतिस्पर्ध्याचा लँड (माना देणारा पत्ता) वगळता मैदानातील कोणताही एक पत्ता एक्झाइलमध्ये जातो आणि लाइट मैदानात असेपर्यंत तिथेच राहतो.

लक्ष्य निवडायचे ते पत्ता खेळताना नव्हे, तर तो मैदानात आल्यावर त्याचा ट्रिगर (आपोआप सुरू होणारा परिणाम) स्टॅकवर, म्हणजे अमलात येण्याची वाट पाहणाऱ्या परिणामांच्या ढिगावर, जाताना. त्यामुळे पत्ता टाकतानाच "तुझा ड्रॅगन घेतो" असे जाहीर करू नये. काउंटरस्पेल (खेळला जाणारा पत्ता रद्द करणारा पत्ता) खर्च करावा की नाही, हे प्रतिस्पर्ध्याला लक्ष्य ठाऊक नसताना ठरवावे लागते. ही सोय बोलून घालवण्यात काही अर्थ नाही.

लक्ष्य ठरवताना सर्वांत धोकादायक पत्ता कोणता, एवढाच विचार पुरेसा नसतो. लाइट मोडला तर काय परत येईल, हेही पाहावे लागते. टोकन (दुसऱ्या पत्त्याच्या परिणामातून तयार झालेली, स्वतःचा पत्ता नसलेली खूण) एक्झाइल झाले की त्याचे अस्तित्वच संपते, म्हणून मोठे टोकन हे उत्तम लक्ष्य होय. ज्या क्रीचरवर (लढणाऱ्या प्राण्याच्या पत्त्यावर) +1/+1 काउंटर (ताकद वाढवणाऱ्या खुणा) साचले आहेत किंवा ऑरा (दुसऱ्या पत्त्याला जोडायची एन्चांटमेंट) चढवलेले आहेत, तेही चांगले, कारण काउंटर नाहीसे होतात, ऑरा ग्रेव्हयार्डमध्ये (बाद पत्त्यांच्या ढिगात) जातात आणि परतणारे क्रीचर मूळ रूपातच परतते. याउलट, मैदानात येताच काही परिणाम घडवणारे क्रीचर परतताना तोच परिणाम पुन्हा घडवते. एकच लॉयल्टी (टिकून राहण्याचे गुण) उरलेला प्लेन्सवॉकर (दर टर्नला आपली क्षमता वापरू देणारा साथीदार पत्ता) परतला तर सुरुवातीच्या पूर्ण लॉयल्टीनिशी परततो. त्याच्यावर लाइट खर्च करण्यापेक्षा हल्ला करून त्याला संपवणे केव्हाही बरे.

लाइट मोडण्याची प्रतिस्पर्ध्याला सर्वांत सोयीची वेळ म्हणजे आपल्या, म्हणजे लाइट खेळणाऱ्याच्या, टर्नचा शेवट. त्याने स्वतःच्या टर्नमध्ये लाइट मोडला, तर परतलेले क्रीचर हेस्ट (आल्याआल्या हल्ला करण्याची क्षमता) नसल्यास त्या टर्नमध्ये हल्ला करू शकत नाही. आपल्या टर्नच्या शेवटी मोडला, तर ते लगेच पुढच्या हल्ल्यासाठी सज्ज असते. म्हणून त्याने माना मोकळे ठेवले असतील, तर एक्झाइलमधले क्रीचरही हल्लेखोरांत धरावे आणि मगच आपली सगळी क्रीचर हल्ल्यासाठी टॅप करायची (आडवी करायची, म्हणजे ती बचावाला उरत नाहीत) की नाही ते ठरवावे.

पत्त्यावरील शब्दरचनाही नीट वाचावी. ट्रिगर स्टॅकवर असतानाच लाइट मोडला, तर काहीच एक्झाइल होत नाही. 2007 सालचा 'ऑब्लिव्हियन रिंग' मात्र वेगळा आहे. त्यात एक्झाइल करणे आणि परत आणणे हे दोन स्वतंत्र ट्रिगर असल्याने, पहिला स्टॅकवर असताना रिंग मैदानातून गेली तर परत आणणारा ट्रिगर आधी रिकामाच जातो आणि त्यानंतर एक्झाइल झालेला पत्ता कधीच परतत नाही. अनेक खेळाडू मुद्दाम आपलीच रिंग त्या क्षणी हातात परत घेतात. मात्र रिंगला प्रतिस्पर्ध्याचेच लक्ष्य हवे अशी अट नाही आणि लक्ष्य निवडणे टाळताही येत नाही. समोरचे मैदान मोकळे असताना ती टाकली, तर ती आपलाच पत्ता घेऊन जाते.