जळमट काढण्याआधी जाळ्यात काय अडकलंय ते बघा

गणपती जवळ आले की बडोद्यातल्या मराठी घरांत लांब काठीचा झाडू बाहेर निघतो आणि छताचे कोपरे स्वच्छ होतात. थोड्याच दिवसांत त्याच कोपऱ्यात पुन्हा जाळं दिसतं. कारण सरळ आहे: कोळ्याला जिथे खायला मिळतं, तिथेच तो टिकतो. घरात कोणते किडे आहेत याचा पुरावा जाळ्यात टांगलेला असतो आणि आपण तो न बघताच झाडूला गुंडाळून फेकतो. या वेळी झाडण्याआधी अर्धा तास काढा.

१. बघायचं कसं

टॉर्च, पांढरा कागद, जुना मऊ ब्रश आणि असलं तर एक भिंग, एवढं पुरतं. टॉर्च भिंतीलगत आडवी धरा, म्हणजे बारीक धागेही चमकतात. ताज्या जाळ्यावर धूळ नसते आणि हळूच फुंकर मारली की कोळी हलतो. काळपट, दोरीसारखं लोंबणारं जाळं बहुधा सोडून दिलेलं असतं. जिथे ताजं जाळं आहे तिथे किडे आजही आहेत, म्हणून सुरुवात तिथून करा. जाळ्याखाली कागद धरा, ब्रशने अलगद झटका आणि पडलेलं सगळं खिडकीपाशी नेऊन बघा. खालच्या फरशीकडेही लक्ष द्या. बरेच कोळी किड्यातला रस शोषून टरफल खाली टाकतात.

२. जाळं कुठे आहे

छताच्या कोपऱ्यातलं विस्कळीत जाळं बहुतेक वेळा लांब, काडीसारख्या पायांच्या कोळ्याचं असतं. धक्का लागला की तो जोरजोरात झुलतो, आणि मादी अंड्यांचा पुंजका तोंडात धरून बसते. त्याच्या जाळ्यात मुख्यतः डास आणि बारीक माश्या सापडतात. कपाटाखाली, ओट्याच्या मागे, जिन्याखाली जमिनीलगत गुंतवळ्यासारखं जाळं असेल तर शिकार चालत येणारी आहे: मुंग्या आणि झुरळांची पिल्लं. भिंतीवर नाण्याहून लहान पांढरा, चांदणीसारखा ठिपका दिसला तर जवळपास मुंग्यांची वाट शोधा. तो छोटा कोळी मुंगीभोवती गोल गोल पळून तिला धाग्यात बांधतो. मुलांना दाखवण्याजोगी गोष्ट आहे ही.

३. कागदावर काय पडलं

पंख. सगळ्यात महत्त्वाचं हेच. जाळ्यात किंवा खिडकीच्या कट्ट्यावर सारख्या आकाराचे, पारदर्शक, लांबट पंख ढिगाने असतील तर ते वाळवीचे असू शकतात. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी ती उडते, दिव्याभोवती जमते आणि पंख गाळते. उडणाऱ्या मुंग्यांचे पंख असे नसतात. त्यांची पुढची जोडी मागच्या जोडीपेक्षा मोठी असते आणि कंबर बारीक असते. उघड्या खिडकीपाशी थोडे पंख मिळाले तर ते बाहेरून आलेले असू शकतात. पण बंद खोलीत, माळ्यावर किंवा देवघराच्या मागे ढीग सापडला तर वसाहत घरातच असण्याची शक्यता धरून चाला. दांडिया बाजार, रावपुरा, वाडीतल्या लाकडी तुळयांच्या जुन्या घरांना तर हे नक्की तपासायला हवं. तसंच ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी ज्या तळमजल्यांत शिरलं, तिथल्या दारांच्या चौकटी आणि भिंतीत बसवलेली कपाटंही. भिंतीवर पेन्सिलीएवढी जाड मातीची नळी दिसली तर तिचा एक तुकडा मोडा आणि चार-पाच दिवसांनी बघा. पुन्हा लिंपली असेल तर वाळवी जिवंत आहे.

पिठासारखी भुकटी. जुन्या पलंगाखालच्या, पाटाखालच्या जाळ्यात टाल्कम पावडरसारखी भुकटी अडकली असेल तर वरच्या लाकडात टाचणीच्या टोकाएवढी भोकं शोधा. हा लाकूड पोखरणारा भुंगा आहे. भुकटी पुसून खाली काळा कागद पसरा. पुन्हा पडली तर लाकूड आतून अजून पोखरलं जातंय.

डास. भिंगातून पाय बघा. काळ्या पायांवर पांढरे पट्टे असतील तर तो एडिस, डेंग्यू पसरवणारा. तो साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो: कूलर, फ्रिजमागचा ट्रे, तुळशीच्या कुंडीखालची ताटली. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण उपसा. नुसतं ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात. कूलरच्या कडा घासा.

केसाळ, पानासारख्या पंखांच्या चिमुकल्या माश्या न्हाणीघराच्या जाळ्यात दिसल्या तर त्या नाल्यातल्या चिकट थरात वाढतायत. रात्री नाल्याच्या तोंडावरच्या जाळीवर चिकटपट्टी लावा. चिकट बाजू खाली, मध्ये थोडी फट ठेवून. सकाळी तिला माश्या चिकटलेल्या सापडल्या तर ठिकाण पक्कं. फिनाईल ओतलं तरी तो थर जात नाही, ब्रश आत घालून खरवडावा लागतो.

झुरळांची बारीक पिल्लं स्वयंपाकघरात सापडली तर उशीर करू नका. लहान तपकिरी जर्मन झुरळाच्या एकाच पिशवीत तीस-चाळीस अंडी असतात. फ्रिजच्या मोटरजवळ आणि सिंकखालच्या फटीत जेल लावा, आणि रात्री ओटा व सिंक कोरडं ठेवा.

४. जाळं दिसतं, पण कोळ्याचं नाही

रवा, तांदूळ, डाळीच्या डब्यात दाणे धाग्यांनी चिकटून गोळे झाले असतील तर ते पतंगाच्या अळ्यांचं काम. तो डबा टाका, फळीच्या फटी पुसा, बाकीचा रवा चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. वर्षाचे गहू भरताना त्यांना दिवेल, म्हणजे एरंडेल, चोळायची इथली रीत उत्तम आहे, ती सोडू नका.

भिंतीला काकडीच्या बीसारखी करडी, चपटी पुडी चिकटलेली दिसते, तीही एका पतंगाची अळी. ती जुनी जाळी, केस आणि लोकर खाते. जाळ्यातल्या मेलेल्या किड्यांवर छोट्या भुंगेऱ्यांच्या केसाळ अळ्याही पोसतात आणि तिथून शालू-पैठणीपर्यंत पोचतात. म्हणूनच कपाटाच्या माथ्यावरची सोडून दिलेली जाळी आधी काढा.

५. आता काढा

झाडूला ओलसर कापड गुंडाळा, म्हणजे जाळं उडून दुसरीकडे चिकटणार नाही. अंड्यांचे पुंजके कागदात घेऊन बाहेर नेऊन टाका. कोळ्यांवर फवारणी करू नका. ते पायाच्या टोकांवर चालतात, त्यामुळे फवारलेल्या भिंतीचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही आणि तुम्ही मात्र ती हवा श्वासात घेता. भिंतीवर उड्या मारत फिरणारा छोटा कोळी शिकारीसाठी जाळं विणतच नाही, माश्या आणि डास टिपतो. त्याला माझ्या मते घरात राहू द्यावं. रात्री कपाटामागून पळणारा मोठा, चपटा कोळी झुरळं खातो. भीती वाटत असेल तर त्याच्यावर डबा उपडा ठेवा, खाली पुठ्ठा सरकवा आणि अंगणात सोडा.

गॅलरीतला झगझगीत पांढरा दिवा बदलून पिवळसर लावा. त्याच्याकडे किडे कमी येतात.

दहा-बारा दिवसांनी तेच कोपरे पुन्हा बघा. डास, माश्या, झुरळं यांचा उगम बंद केला असेल तर ताजी जाळी कमी दिसतील. वाळवीची नळी पुन्हा लिंपलेली असेल तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका, पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा. नुसती वरवर फवारणी करणार की भिंत आणि फरशीच्या सांध्यात भोकं पाडून औषध सोडणार, हे आधी विचारा आणि हमी लेखी घ्या. तो येईपर्यंत गोळा केलेले पंख काडेपेटीत घालून ठेवा आणि ते कुठल्या खोलीत सापडले ते वर लिहा.