पर्यावरणशास्त्र घेतलंय? मग एक बंधारा धरा

पर्यावरणशास्त्राला प्रवेश घेतला तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं होतं, "म्हणजे झाडं लावायची का गं?" मला उत्तर देता आलं नाही. वेळापत्रकात रसायन होतं, भूगोल होता, कायदा, अर्थशास्त्र, संख्याशास्त्रही होतं. पण यांचा एकमेकांशी काय संबंध, हे समजत नव्हतं. यंदा ज्या पोरापोरींनी हा विषय घेतलाय, त्यांच्यासाठी मला उशिरा सापडलेली वाट लिहिते.

एक जागा धरा आणि पदवी होईपर्यंत सोडू नका. कोल्हापुरात असाल तर रंकाळा तलाव धरा, जयंती नाला धरा, नाहीतर गावचा ओढा धरा. चालत किंवा सायकलने जाता आलं पाहिजे, एवढंच बघा. मी कसबा बावड्याची, म्हणून पंचगंगेवरचा राजाराम बंधारा धरला.

सुरुवात रसायनापासून करा. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायला शिका. ३०० मिलीची बाटली पाण्याखालीच भरायची, आत एकही बुडबुडा राहता कामा नये. मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड तिथल्या तिथे घालायचं. तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर नाही. माझा पहिला नमुना मी तसाच पिशवीत घालून भर मे महिन्यात बसने कॉलेजला नेला. वाटेत त्यातले जीव ऑक्सिजन वापरत राहिले, आणि लॅबमध्ये आलेला आकडा नदीचा राहिलाच नव्हता. तो खोडावा लागला.

नीट घेतलेला आकडाही एकटा काही सांगत नाही. उन्हाळ्यात तो एवढा का पडतो, हे मला बंधाऱ्यावर गळ टाकून बसलेल्या एका मामांनी सांगितलं. "बरगे घातल्यात, पाणी हलंना झालंय, वरनं नाला येतोय. मासा काय करंल?" (बरगे म्हणजे पाणी अडवायला बंधाऱ्यात घालतात त्या फळ्या.) एका वाक्यात स्थापत्य, सांडपाणी आणि जीवशास्त्र! तेव्हापासून वहीत एका पानावर आकडा आणि समोरच्या पानावर लोकांचं बोलणं, त्यांच्याच शब्दांत, असं लिहायला लागले. तुम्हीही तसंच लिहा.

पुढचा प्रश्न आपोआप येतो. पाणी अडवतात कुणासाठी? उसासाठी. इथे अर्थशास्त्र सुरू होतं. शेतकऱ्याला मोटारीचं बिल, खत आणि एकरी उतारा विचारा, पण घाईने त्याला दोषी धरू नका. नदीवर चढून राधानगरीपर्यंत गेलात, तर शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण भेटतं, म्हणजे इतिहासही आलाच.

संख्याशास्त्राचा कंटाळा येत असेल, तर पुराचं पाणी कुठवर येईल ते नकाशावर दाखवणाऱ्या पूररेषा अभ्यासा. राजाराम बंधाऱ्याला इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे कोल्हापुरात लहान पोरालाही पाठ असतं. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं, आणि दोनच वर्षांनी, २०२१ मध्ये, पुन्हा महापूर आला. लोक म्हणाले, "शंभर वर्षांतनं एकदा येणारा पूर दोनदा कसा आला?" पूररेषांतली लाल रेषा शंभर वर्षांच्या पुराची, म्हणजे दर वर्षी एक टक्का शक्यता. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही. ती दर वर्षी तेवढीच धरली, तर घराचं ३० वर्षांचं कर्ज फिटेपर्यंत त्या रेषेवरच्या घरात पाणी शिरण्याची शक्यता साधारण २६ टक्के येते. निळी रेषा २५ वर्षांच्या पुराची. तिथे हीच शक्यता ७० टक्क्यांच्या वर जाते. हे गणित मी घरी वडिलांना कागदावर करून दाखवलं, तेव्हा हा विषय कशासाठी शिकायचा ते मला कळलं.

कायदा पाठ करू नका. १९७४ चा जलप्रदूषण कायदा आपल्या जागेवर ठेवून वाचा. इथे सोडणारा कोण, परवानगी देणारा कोण, तपासणारा कोण? कागद मिळत नसतील, तर माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपये शुल्क आणि तीस दिवसांची मुदत असते. अर्ज मराठीत, एका वेळी एकच नेमका प्रश्न विचारून लिहा. मोघम प्रश्नाला मोघमच उत्तर येतं.

पहिलं काम यंदाच्या उन्हाळ्यातच करा. बरगे काढायच्या आधी एकदा आणि काढल्यावर एकदा, त्याच जागेवर, सकाळी त्याच वेळी बाटली भरा. शेजारी कुणी गळ टाकून बसलं असेल, तर आधी त्यांच्याशी बोला.