वरचा निर्णय आणि आपलं काम

जळगाव, धुळ्याकडून इंजिनीअरिंग करून पुण्यात जॉबला येणारी पोरं फोन करून विचारतात, भो, कोणती टेक्नॉलॉजी शिकू? मी आता आधी दुसरंच सांगतो: कंपनीचे वरचे लोक काय ठरवतायत ते बघा, कारण आपलं काम त्यावरच ठरतं.

माझ्या पहिल्या कंपनीत आम्ही पाच जण आठ महिने एका ॲपचा ऑफलाइन मोड, म्हणजे नेट नसतानाही ॲप चालेल अशी सोय, बनवत होतो, जीव ओतून, आणि एका सोमवारी मॅनेजर म्हणाले की हे बंद, आता सगळे वेब डॅशबोर्डवर. मला वाटलं आपलाच कोड खराब असेल, कितीतरी रात्री झोप नाही. नंतर कळलं की वरच्यांनी छोट्या दुकानदारांना विकणंच थांबवायचं ठरवलं होतं आणि मोठ्या कस्टमरच्या ऑफिसात नेट असतंच, मग ऑफलाइन हवंय कोणाला? टाउनहॉलमध्ये, म्हणजे सगळ्या कंपनीच्या मीटिंगमध्ये, सीईओ हेच बोलले होते, पण मला वाटलं हे सेल्सवाल्यांसाठी आहे.

नोकियाचंच बघा. फेब्रुवारी 2011 मध्ये सीईओ स्टीफन एलॉप यांनी सांगितलं की आमचे स्मार्टफोन यापुढे मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोन सिस्टिमवर, आणि ज्यांनी वर्षानुवर्षं सिम्बियनवर, म्हणजे नोकियाच्या जुन्या फोन सिस्टिमवर, हात बसवला होता त्यांचं शिक्षण एका घोषणेनं मागे पडलं. उलट मायक्रोसॉफ्टमध्ये सत्या नडेला फेब्रुवारी 2014 ला सीईओ झाले आणि मार्चमध्येच आयपॅडसाठी ऑफिस (वर्ड, एक्सेल वगैरे) आलं, पण एवढं मोठं काम महिन्यात होत नाही, ते आधीपासूनच चालू होतं. म्हणजे निर्णय जाहीर होतो त्याच्या बऱ्याच आधी टीममध्ये काम सुरू झालेलं असतं, फक्त आपलं लक्ष पाहिजे.

आणि लांब कशाला, आपल्या जळगावात जैन इरिगेशनवाले भवरलाल जैन यांनी 1978 मध्ये केळी पावडरचा कारखाना घेतला आणि तिथे पपईच्या चिकापासून पपेन नावाचं एन्झाइम काढायला लागले. मग पीव्हीसी पाइप, मग ठिबक, मग टिश्यू कल्चरची, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेली, केळीची रोपं. मला यातलं शेवटचं फार आवडतं, कारण ठिबक घेणारा आणि रोपं घेणारा शेतकरी एकच. गिऱ्हाईक तेच ठेवून प्रॉडक्ट वाढवलं.

तर जॉइन झाल्यावर पहिल्याच महिन्यात सीनियरला बिनधास्त विचारा, सर, या प्रॉडक्टचे पैसे नेमकं कोण देतं? मग भरती कोणत्या टीममध्ये चालूये आणि कुठली जागा सहा महिने रिकामीच आहे ते बघा, मला तर बजेट कुठे चाललंय हे त्यातूनच कळतं. मागच्या वर्षी मोबाईल टीममधून दोघं गेले, बदली माणूस कोणी घेतला नाही, मी तेव्हाच बॅकएंडचं, म्हणजे सर्व्हरकडचं, काम मागून घेतलं.