तटस्थ देश युद्धात कसा ओढला जातो, हे कसे शोधावे

एखादा तटस्थ देश युद्धात का उतरला हे शोधताना बहुतेक जण युद्धघोषणेच्या तारखेपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. घोषणा हा शेवटचा कागद असतो. तिच्या आधीच केव्हातरी बाहेर राहणे त्या देशाच्या हाती उरलेले नसते. शोध त्या क्षणाचा घ्यायचा. सरावाला पहिले महायुद्ध घ्यावे, कारण त्यात तटस्थतेचे जवळजवळ सगळे नमुने सापडतात.

प्रथम एका कागदावर दोन रकाने आखावेत. डावीकडे सरकारने जाहीरपणे काय म्हटले ते लिहावे, उजवीकडे त्याच सुमारास पडद्याआड काय चालले होते ते लिहावे, आणि दोन्हीकडे तारखा न चुकता घालाव्यात. तुर्कस्तानचे उदाहरण घेऊ. डाव्या रकान्यात ऑगस्ट 1914 मधली तटस्थतेची घोषणा येईल. उजव्या रकान्यात 2 ऑगस्टचा जर्मनीशी झालेला गुप्त करार येईल. ब्रिटनमध्ये तुर्कस्तानसाठी बांधल्या जात असलेल्या दोन युद्धनौका ब्रिटिश सरकारने त्याच सुमारास ताब्यात घेतल्या. त्यांच्यासाठी लोकांनी वर्गणी काढली होती, त्यामुळे संताप घरोघरी पोहोचला. मग 10 ऑगस्टला ‘गोबेन’ आणि ‘ब्रेस्लाउ’ या जर्मन युद्धनौका तुर्कस्तानच्या दार्दानेल्स सामुद्रधुनीत शिरल्या, कागदोपत्री तुर्की झाल्या आणि त्यांवरचे जर्मन खलाशी तुर्की टोप्या घालून तिथेच राहिले. 29 ऑक्टोबरला जर्मन दर्यासारंग सूशोन याने याच नौका घेऊन रशियाच्या काळ्या समुद्रावरील बंदरांवर तोफा डागल्या. युद्धमंत्री एन्व्हर पाशाची त्याला संमती होती. मंत्रिमंडळातील काहींनी मात्र निषेध म्हणून राजीनामे दिले. 2 नोव्हेंबरला रशियाने युद्ध पुकारले.

उजवा रकाना दुसऱ्या पक्षासाठीही, म्हणजे इथे ब्रिटनसाठी, भरावा, हे सहसा राहून जाते. तुर्कस्तानशी युद्ध जाहीर होण्यापूर्वीच, ऑक्टोबरच्या मध्यास, हिंदी लष्कराच्या पुणे डिव्हिजनमधील एक ब्रिगेड मुंबईहून इराणच्या आखाताकडे निघाली होती आणि तिच्यात 117वी मराठा पलटण होती. 6 नोव्हेंबरला ही फौज आखाताच्या टोकाशी, तुर्कस्तानच्या ताब्यातील फाओ येथे उतरली.

यानंतर नकाशा उघडावा. बेल्जियमच्या बाबतीत मंत्र्यांची भाषणे वाचून फारसे हाती लागत नाही, कारण तिथे निर्णय रस्त्याने घेतला होता. फ्रान्सवर उत्तरेकडून चालून जाण्याची जर्मन योजना बेल्जियममधूनच जात होती. 2 ऑगस्टच्या संध्याकाळी निर्वाणीचा खलिता आला, उत्तराला बारा तास मिळाले, आणि 4 ऑगस्टला सैन्य घुसले. 1839 च्या करारातील हमीचा आधार घेऊन ब्रिटन त्याच दिवशी युद्धात उतरले.

काही देश ओढले जात नाहीत, ते भाव करतात. अशा वेळी कोण काय देऊ करत होते आणि ते कोणाच्या खिशातून, हे विचारावे. इटली 1882 पासून जर्मनी-ऑस्ट्रियाचा करारबद्ध मित्र होता. तरीही 26 एप्रिल 1915 रोजी लंडनमध्ये गुप्त करार करून तो पलीकडे गेला आणि 23 मे रोजी ऑस्ट्रियाविरुद्ध उतरला. त्याला हवे असलेले ट्रेंतिनो आणि त्रिएस्ते ऑस्ट्रियाचेच होते. ते देताना ऑस्ट्रियाचा हात आखडणारच. ब्रिटन-फ्रान्सला मात्र दुसऱ्याच्या मुलखावर उदार होता आले.

व्यापारातून येणारे युद्ध सावकाश येते, म्हणून तिथे महिने मोजावेत. ‘लुसिटानिया’ हे ब्रिटिश प्रवासी जहाज जर्मन पाणबुडीने बुडवल्यामुळे अमेरिका युद्धात उतरली, असे सर्रास सांगितले जाते. पण ते बुडाले 7 मे 1915 रोजी आणि अमेरिकेने युद्ध पुकारले 6 एप्रिल 1917 रोजी. तेवीस महिन्यांचे अंतर असलेल्या घटनेला एकटीच कारण मानता येत नाही. फेब्रुवारी 1917 पासून जर्मनीने पुन्हा सुरू केलेले पाणबुड्यांचे अनिर्बंध हल्ले आणि मेक्सिकोला युतीचे आमिष दाखवणारी, 1 मार्चला वृत्तपत्रांत झळकलेली जर्मन परराष्ट्रमंत्री त्सिमरमनची तार, यांचे वजन त्याहून जास्त ठरते.

शेवटी आपला निष्कर्ष बाहेर राहिलेल्या देशावर घासून पाहावा. हॉलंडची जागाही बेल्जियमइतकीच अडचणीची होती. फ्रान्सवरील चढाईच्या, जर्मन सेनाप्रमुख श्लीफेनच्या मूळ आराखड्यात त्याच्या दक्षिण टोकातूनही सैन्य जाणार होते. पण जर्मनीची नाकेबंदी झाली तर तटस्थ हॉलंड ही तिच्या व्यापाराची श्वासनलिका ठरेल, असा हिशेब करून श्लीफेननंतरचा सेनाप्रमुख धाकट्या मोल्टकेने तो मार्ग वगळला. त्यामुळे सगळे सैन्य बेल्जियममधील लीएज शहराच्या चिंचोळ्या वाटेने नेणे भाग पडले, ते शहर सैन्याची जमवाजमव होताच झडप घालून घ्यावे लागणार होते, आणि बेल्जियमशी बोलणी करण्यास वेळच उरला नाही.